सुटायची वेळ, पोचायची वेळ

ड्रायव्हरकाकांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि लेकीने मोबाइलवर पाठवलेलं, तिच्या येण्याच्या विमानाचं तिकीट तिसऱ्यांदा वाचलं. सुटायची वेळ सकाळी नऊ दहा, पोचायची वेळ अकरा चाळीस. चौतीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला ही वजाबाकी कोण शिकवणार? अडीच तास. हातातला चहा त्यांनी न पिताच खाली ठेवला.

लेक परदेशी गेल्यापासून काकांनी सगळी भिस्त अंतरावर टाकली होती. तिच्या शाळेच्या जुन्या नकाशावर दोरा ताणून त्यांनी दोन शहरांमधलं अंतर मोजलं होतं: चार हजार किलोमीटर. म्हणजे बसने, घाट आणि जेवणाचे थांबे धरून, पाच दिवस. एवढ्या लांबच्या पोरीवर रुसायचं तरी कसं? आठवण फारच दाटून आली की ते स्वतःला पाच दिवस ऐकवायचे आणि गप्प बसायचे. दोन वर्षांपूर्वी बायको हॉस्पिटलमध्ये शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा लेक फोनवर म्हणाली होती, "बाबा, इतक्या लांबून मी वेळेत नाही पोचणार." काकांनी तेही मुकाट्याने मानलं होतं.

आणि आता म्हणे अडीच तास! एवढ्या वेळात त्यांची गाडी जेमतेम घाट चढून उतरायची. त्यांनी तिरीमिरीत फोन लावला.

"तिकीट मिळालं ना, बाबा?"

"मिळालं. अडीच तासांच्या वाटेवर राहतेस, कधी बोलली नाहीस ती."

लेक आधी गोंधळली, मग हसली. "अहो, सुटायची वेळ इथली आहे आणि पोचायची तुमच्याकडची. तुमचं घड्याळ आमच्यापेक्षा अडीच तास मागे. विमान पाच तास उडतं."

काका ओशाळले. त्यांच्या बसला दोन्ही टोकांना एकच घड्याळ असायचं. राग कुठल्या कुठे पळाला आणि पोरीला कधी एकदा बघतो असं त्यांना झालं.

"म्हातारपण, दुसरं काय," ते म्हणाले.

पण लेक आता हसत नव्हती.

"पाच तासही काही फार नव्हते, बाबा. त्या दिवशी निघाले असते तर कदाचित भेट झाली असती. आईला तसं बघायची मला भीती वाटली."

काका खुर्चीच्या हातावरचा रंग नखाने खरवडत राहिले. जाऊ दे, झालं ते झालं, एवढं म्हणून मोकळं होता आलं असतं. शब्द ओठांवर होते, ते त्यांनी गिळले.

"तुझी आई सोमवारपासून सांगत होती, पोरीला बोलवा म्हणून. मी फोन केला शुक्रवारी."

"सोमवारपासून?"

"हो."

"मग का नाही केलात?"

"लांब आहेस, उगाच जिवाला घोर कशाला, असं स्वतःला सांगत होतो. तुला बोलावलं असतं, तर ती जाणार हे खरं झालं असतं गं."

पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली.

"बाबा," लेक म्हणाली, "हे तिकीट पुढच्या शनिवारचं आहे. उद्याचं मिळतंय का बघते."

"बघ," काका म्हणाले. "खिडकीची जागा नसली तरी चालेल."