डाव्या कानाचे बाराशे डॉलर

मी एक जुनं कार्ड आहे. प्लास्टिकचं, हिरवट रंगाचं, एका कोपऱ्याला तडा गेलेलं. दिसायला मी बँकेच्या कार्डासारखाच आहे, म्हणून लोक फसतात. मित्रांनो, माझ्यावर चोरीचा आळ आला आहे, आणि तोही माणसांनी भरलेल्या दवाखान्यात. आज मला तो आळ खोडून काढायचा आहे. बोलता बोलता माझा आवाज चढला तर सांभाळून घ्या, कारण माझं डोकं अजून शांत झालेलं नाही.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखं फार नाही. हजारो भावंडांबरोबर छापून निघालो, पाकिटात बसलो आणि ऐन जानेवारीत, बर्फ पडत असताना, मिनेसोटातल्या एका लहान गावी पोचलो. तिथं मी मार्लिस टॉलेफसनच्या हाती पडलो. मार्लिस खिडक्यांच्या कारखान्यात काचा कापायची. एकवीस वर्षं कापत होती. बोटांवर बारीक पांढऱ्या रेघा होत्या आणि तोंडात तक्रारीचा शब्द नव्हता.

माझं काम सोपं होतं. दर पगारातून मार्लिसचे थोडे पैसे कापले जायचे, कर लागायच्या आधीच. ते पैसे डॉक्टर, औषधं, चष्मा, दात, कान एवढ्यासाठीच वापरायचे. भाजी नाही, पेट्रोल नाही. वर्षाचे बाराशे डॉलर तिनं ठरवले होते. आणि माझी एक चांगली गोष्ट अशी, की पगारातून पैसे हळूहळू कापले जात असले तरी वर्षाची सगळी रक्कम मी पहिल्या दिवसापासून द्यायला तयार असतो. पण हे तिला कोण सांगणार? कारखान्यातल्या ट्रेव्हर नावाच्या साहेबानं जेवणाच्या सुट्टीत डोनट वाटत सगळी योजना समजावली होती. महत्त्वाचं वाक्य आलं आणि नेमका भोंगा वाजला. सगळे उठले. तिकडची माणसं पुन्हा विचारायला जात नाहीत. साहेबाला त्रास कशाला द्या, असं त्यांना वाटतं. या सभ्यपणाचा मला मनापासून राग येतो.

मार्लिसनं पैसे ठरवले ते नवऱ्यासाठी. व्हर्लिननं आयुष्यभर ट्रक चालवला आणि इंजिनाच्या घरघरीत दोन्ही कान गमावले. गावातल्या कॅफेत पहाटे सहाला म्हातारे जमतात, फासे टाकतात आणि हरेल तो सगळ्यांच्या कॉफीचे पैसे देतो. व्हर्लिन तिथं तीस वर्षं जात होता. मग एका शरद ऋतूत त्यानं जाणंच सोडलं.

"का रे जात नाहीस?" मार्लिसनं त्याच्या कानाशी ओरडून विचारलं.

"सगळे हसले की मी हसतो," व्हर्लिन म्हणाला. "तेही उशिरा. मग ते माझ्याकडं बघून हसतात. त्यापेक्षा घरचीच कॉफी बरी."

तेव्हापासून तो खिडकीशी बसून पक्ष्यांच्या दाणापात्राकडं बघत राहायचा. पक्ष्यांशी बोलावं लागत नाही ना!

कानातलं यंत्र बाराशेला एक, दोन कानांचे चोवीसशे. मार्लिसनं हिशेब केला की यंदाचे बाराशे, पुढल्या वर्षीचे बाराशे, आणि मग दोन्ही कान एकदम. चुकून खर्च नको म्हणून तिनं मला गळ्यातल्या ओळखपत्राच्या मागं सरकवून ठेवलं. मी वर्षभर तिच्या छातीवर लटकत होतो, मित्रांनो. तिनं दातात चांदी भरून घेतली, रोख दिले. डोळ्यांत घालायचे थेंब घेतले, रोख दिले. पावत्यांनी शेगडी पेटवली. मी आतून ओरडत होतो, की बाई, मला वापर, मी त्यासाठीच आहे! पण कार्डाचं कोण ऐकतं?

डिसेंबरात शेजारच्या यंत्रावरची आर्डिस दोन पिशव्या भरून घेऊन आली. पिशव्यांत मलमपट्ट्या, तापमापक आणि उन्हाचं मलम होतं.

"बाहेर शून्याखाली वीस आहे," मार्लिस म्हणाली. "उन्हाचं मलम कशाला लागतंय तुला?"

"पैसे उरले होते माझ्या कार्डावर. एकतीस तारखेला जातात. तुझे किती आहेत?"

"सगळे."

आर्डिसच्या हातातली पिशवी खाली आली. "सगळे? अगं बाई, वेड लागलंय का तुला? आज संध्याकाळीच जा कानवाल्याकडं!"

"जानेवारीत नंबर लावलाय. आणि जातात म्हणजे कुठं जातात? माझ्या पगारातून कापलेत. माझेच आहेत ते."

"तुझे असून जातात, तेच तर सांगतेय!"

मार्लिस हसली. तिला ते पटलंच नाही. आणि मी तिला दोष देत नाही! मुद्दाम सांगतो, देत नाही. एकवीस वर्षं काच कापून मिळवलेला पैसा एका रात्रीत दुसऱ्याचा होतो, असं कुठल्या शहाण्या माणसाला पटेल? न पटणारा नियम करायचा आणि मग ज्याला पटला नाही त्याला खुळा ठरवायचं, ही कुठली रीत?

वर्ष बदललं. गावानं फटाके उडवले आणि माझ्यातले बाराशे डॉलर गेले. मला साधं विचारलंही नाही. नव्या वर्षाचे तेवढेच आले, त्यामुळं वरवर बघता काहीच बदललं नव्हतं.

आठवड्यानं आम्ही कानाच्या दवाखान्यात गेलो. व्हर्लिननं इस्त्रीचा शर्ट घातला होता. कानांची मापं आधीच झाली होती, यंत्रं तयार होती, दोन्ही कानांत बसवली. पैसे घेणाऱ्या मुलीनं मला कार्डाच्या यंत्रात घातलं, पुन्हा घातलं.

"हे कार्ड चालत नाहीये," ती हळू आवाजात म्हणाली. "यावर एवढे पैसे नाहीत. फक्त बाराशे आहेत."

"असं कसं होईल?" मार्लिसचा चेहरा लाल झाला. "बाकीचे कुणी काढले? हे कार्ड माझ्या गळ्यातून हललेलं नाही. कार्डानंच खाल्ले की काय?"

सगळी माणसं माझ्याकडं बघू लागली. माझ्याकडं! मी एक सेंटही खाल्लेला नाही. मला तोंडच नाही.

मार्लिसच्या पाकिटात वाढीव बाराशे नव्हते, त्या हिवाळ्यात घर गरम ठेवणारी भट्टी बदलली होती. तेवढ्यात व्हर्लिननं आपल्या हातानं डाव्या कानातलं यंत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"ऐकू येतंय मला सगळं," तो म्हणाला. "ओरडू नकोस तिच्यावर. एक पुरे. ट्रकला पण मागं बघायला एका बाजूचा आरसा चालतो."

चालत नाही. त्याला ते माहीत होतं आणि तिलाही.

दुसऱ्या दिवशी मार्लिस आयुष्यात पहिल्यांदा साहेबाच्या दारात उभी राहिली. ट्रेव्हर वाईट माणूस नव्हता. त्यानं खुर्ची दिली, कॉफी दिली.

"मार्लिस, उरलेले पैसे वर्षअखेरीला कारखान्याचे होतात, हा नियम आधीच सांगितला होता. गेल्या वर्षी दवाखान्याचा काही खर्च केला असेल तर त्याच्या पावत्या मार्चपर्यंत आणा, ते पैसे देता येतील."

"पावत्या जाळल्या."

"दातवाल्याकडं मागून बघा, मिळेल. बाकी रकमेचं मला काही करता येणार नाही."

"थोडे तरी पुढल्या वर्षात नेता येत नाहीत? आर्डिसच्या बहिणीच्या कारखान्यात नेतात."

"कायद्यानं काही भाग नेता येतो, हो. पण ती सोय ठेवायची की नाही हे मालक ठरवतात. आपल्याकडं ठेवलेली नाही."

ऐकलंत, मित्रांनो? सोय होती. ठेवली नाही. कुणीतरी खुर्चीत बसून नको म्हटलं आणि व्हर्लिनचा डावा कान गेला.

दातवाल्याची पावती मिळाली, शहाऐंशी डॉलर परत आले. मार्च संपला आणि जेवणाच्या खोलीत एक मोठा चॉकलेट केक आला. टेबलभर लांब, वर पांढऱ्या साखरेनं सगळ्यांचे आभार मानलेले. लोक टाळ्या वाजवू लागले.

"साहेब, एवढा केक कशाबद्दल?" आर्डिसनं विचारलं.

"आरोग्याच्या कार्डांवर गेल्या वर्षी काही रक्कम शिल्लक राहिली होती," ट्रेव्हर खुशीत म्हणाला. "म्हटलं, आपल्याच माणसांसाठी काहीतरी करावं."

सगळ्यांनी तुकडे घेतले. तिकडं शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही. त्याचा अर्धा घेतात, मग उरलेल्याचा अर्धा, मग त्याचाही अर्धा, आणि चिमटीएवढा केक संध्याकाळपर्यंत तसाच पडून राहतो. पण अजून पाऊण केक शिल्लक असतानाच मार्लिस उठली. तिनं पुठ्ठ्याचं खोकं आणलं, सुरी घेतली आणि उरलेला सगळा केक खोक्यात भरू लागली. मी तिच्या गळ्यात होतो. ती वाकली की मी खोक्यावर आपटत होतो.

"मार्लिस," ट्रेव्हर चाचरत म्हणाला, "तो सगळ्यांसाठी आहे."

"नाही," मार्लिस म्हणाली. आवाज शांत होता, पण शेवटच्या टेबलापर्यंत गेला. "हा माझ्या नवऱ्याचा डावा कान आहे. मी घरी नेतेय."

आर्डिसनं आपल्या ताटलीतला तुकडा उचलला आणि तोही खोक्यात ठेवला. मग मागून दुसऱ्यानं ठेवला, मग तिसऱ्यानं.

मित्रांनो, मी आता बाद झालोय. मला तडा गेला आणि नवं कार्ड आलं. ते कार्ड मार्लिस जानेवारीतच वापरून मोकळी होते. तुमच्या घरातलं कुणी असा पैसा बाजूला काढत असेल तर त्याला आजच विचारा की तो पैसा कधीपर्यंत आपला आहे. साहेबाला त्रास होऊ द्या. भोंगा वाजला तरी उठू नका. आणि पुण्य समजून मला जपून ठेवू नका, मी जपण्याची वस्तू नाही.

तर त्या केकच्या संध्याकाळी व्हर्लिननं मोठा तुकडा ताटलीत घेतला.

"चांगला झालाय," तो म्हणाला. "कुणाचा वाढदिवस होता?"

मार्लिस त्याच्या डाव्या बाजूला बसली होती. ती उठली, खुर्ची घेऊन उजवीकडं गेली, आणि मग म्हणाली, "कुणाचा नाही. तुझाच आहे. खा."