मिस्सेची शेवटची ओळ

"मामा, मिस्सा संपेपर्यंत एकही शिपाई आत पाऊल टाकणार नाही. हा माझा शब्द." भाच्याने बुटांवरची धूळ कॅथेड्रलच्या पायरीवर झाडली. "पण संपली की सगळे ट्रकमध्ये. मग मला अडचणीत आणू नका."

आर्चबिशपांनी मान डोलावली. हाच भाचा लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून गळ्यातल्या क्रुसाशी खेळायचा. तो मंत्री झाला तेव्हा शपथविधीला त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो फोटो पेपरात आला. सरकार नदीकाठच्यांचं, आर्चबिशपही नदीकाठचेच. डोंगरवाले त्या दिवशी काय ते समजले. पुढे डोंगरवाल्यांची घरं जळायला लागली, तेव्हा आर्चबिशप म्हणत राहिले, मी सरकारशी आतून बोलतोय. आतून बोलून कोणाचं छप्पर वाचलं नाही.

तरी पळायची वेळ आली तेव्हा डोंगरवाले त्यांच्याच दारात आले. जाणार कुठे? बाकांखाली गाठोडी, कन्फेशनच्या खोलीत आजारी म्हातारे, खिडक्यांच्या गजांवर बाळांची दुपटी. गेल्या महिन्यात शाळेतून असेच ट्रक भरून गेले होते. त्यातलं कोणी पुन्हा दिसलं नव्हतं.

परदेशी निरीक्षकांच्या गाड्या दुपारी पोचणार होत्या. त्यांच्यादेखत कोणाला ट्रकमध्ये घालता आलं नसतं. तोवर मिस्सेची प्रार्थना लांबवायची, एवढंच आर्चबिशपांच्या हातात होतं.

"उपाशीपोटी कुठवर रेटशील, दादा?" बहीण त्यांचा झगा खांद्यावर सारखा करत म्हणाली. ती मंत्र्याची आई. विधवा झाल्यापासून भावाचं घर सांभाळत होती.

"तुझ्या लेकाला विचार."

"माझा लेक म्हणून मला ऐकवू नकोस. डोक्यावर हात तू ठेवलास."

मिस्सा सुरू झाली. आर्चबिशप एकेक शब्द तोलून, थांबून म्हणत होते. प्रवचनात प्रलयातल्या नोहाच्या तारवापाशी, त्या जहाजापाशी पोचले, तर एकेक जनावर नावानिशी त्यात चढवायला लागले.

"आज मुंगीलासुद्धा हात धरून चढवणार वाटतं," एक म्हातारा पुटपुटला आणि आजूबाजूचे हसले. कितीतरी दिवसांनी. सगळ्यांना कळलं होतं, हे काय चाललंय ते.

पहिल्या बाकावरची बाई तेवढी हसली नाही. मांडीवर बाळ होतं. ती दाराकडे बघायची, मग आर्चबिशपांकडे, पुन्हा दाराकडे. बाळ कधीच झोपलं होतं, तरी तिचं थोपटणं थांबत नव्हतं.

कम्युनियनचा प्रसाद वाटून झाला. गाणी झाली, सगळ्या कडव्यांसकट. उपाशी आर्चबिशपांच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. तेवढ्यात लांबून इंजिनाची घरघर ऐकू आली. आले, त्यांना वाटलं, निरीक्षक आले. मन धावत रस्त्यावर गेलं आणि जीभ चाळीस वर्षांच्या सवयीच्या वाटेने एकटीच पुढे निघाली. हात वर गेला, आशीर्वाद झाला.

"मिस्सा संपली आहे. शांतीने जा."

"देवाला धन्यवाद," सगळ्यांनी एका सुरात म्हटलं आणि उठले. विचार कोणी केलाच नाही. त्या ओळीनंतर उठायचं, हे त्यांना चालायला लागल्यापासून माहीत होतं. मागच्यांनी दार ढकललं. घरघर ट्रकांची होती.

"बसा," आर्चबिशप म्हणाले. "अहो, बसा, अजून..." बाक सरकण्याच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नाही.

बाळाची आई तेवढी बसून होती, त्यांच्याकडे बघत. त्यांनी जोरजोरात मान हलवली, नको, नको. पण तोवर शिपाई आत आले होते. एकाने तिचं कोपर धरलं, अगदी हळू.

झगा सावरत ते पायऱ्यांवर धावले आणि ट्रकच्या मागच्या फळीला घट्ट धरून राहिले. भाच्याने त्यांचं एकेक बोट सोडवलं.

"तुम्हीच सांगितलंत ना मामा, संपली म्हणून? ऊन फार आहे. आत जा."

निरीक्षक आले तेव्हा रस्त्यावरची धूळ अजून खाली बसायची होती. आत बाकांखाली गाठोडी तशीच होती.

आर्चबिशप अजून रोज मिस्सा म्हणतात. नदीकाठची माणसं येतात. आशीर्वादापर्यंत सगळं नीट होतं, मग ते ओठ मिटून उभे राहतात. लोक खोकतात, घड्याळं बघतात, पण उठत कोणी नाही. शेवटी बहीण जाऊन दार उघडते.

"एकदा ती ओळ म्हणून टाक ना, दादा," ती परवा म्हणाली. "लोक नुसते बसून राहतात."

"राहू देत," ते म्हणाले. "बसलेलेच बरे."