कोपऱ्यातल्या खुणा

धर्मराजभाऊंनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला गणपती प्रियदर्शनीच्या कॉम्प्युटरवर उघडला तो धुक्यातून चालत आल्यासारखा. मोबाईलवर बरा दिसत होता बिचारा, पण पत्रिकेच्या मापाला मोठा करावा तर सोंड कुठं संपते आणि मोदक कुठं सुरू होतो, काही केल्या कळेना.

"भाऊ, ह्या गणपतीचं काही खरं नाही," ती फोनवर म्हणाली.

"कामून? पाव्हण्यांच्या ग्रुपवर आल्ता. चांगला हाय की."

"ग्रुपवर चांगलाय. कागदावर येईस्तोवर विरघळून जाईल."

"मंग तू दुसरा बसव बाई. पन तोंड असंच हसरं ठेव. आमच्या तुळजाआत्याला रागीट देव चालत न्हाई."

तिनं गणपती सबंध नव्यानं रेखला, हसरा.

धर्मराजभाऊ धावड्याचे. त्यांची थोरली लेक शीतल, तिच्या लग्नाची पत्रिका. आणि तुळजाबाई म्हणजे धर्मराजभाऊंची मोठी बहीण, शीतलची आत्या. पण आता साऱ्या गावाचीच, अगदी भावाचीसुद्धा, आत्या. धावड्यात लग्नाची हळद जात्यावर पडली की पहिली ओवी तिची, आणि कुणाचं काय चुकलं तर पहिला टोलाही तिचाच.

प्रियदर्शनीचं हे पहिलंच स्वतःचं काम. फ्लेक्सच्या दुकानातली नोकरी सोडून तिनं बालकिशन शेठजींच्या छापखान्याच्या दर्शनी खोलीत आपलं टेबल मांडलं होतं. बाहेर पाटी लावली होती, 'छपाईपूर्व सर्व कामे'. शेठजींच्या तीन पिढ्या जालन्यात गेल्या होत्या, पण हिशोब आणि लाड दोन्ही ते अजून अर्ध्या हिंदीतच करत.

"देख बेटा," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मशीन मेरी, फाईल तेरी. ही धावड्याची पत्रिका बिना शिकायत गेली, तर ह्या सीझनच्या सगळ्या पत्रिका तुझ्या टेबलावरून जातील. शिकायत आली, तर मंग आपला जुना माणूस हायेच."

म्हणून ती त्या फाईलवर जीव लावून बसली होती. छापखान्याला फाईल देणं म्हणजे लेक सासरी पाठवणं. काय काय लागेल ते सगळं आधीच बांधून द्यावं लागतं, मागाहून 'तेवढं राहिलं' म्हणता येत नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर अक्षरं विस्कटू नयेत म्हणून तिनं ती चित्रासारखी पक्की करून टाकली. पडद्यावर उजेडानं झगमगणारे रंग शाईच्या चार रंगांत उतरवले. हळदीच्या पिवळ्यात निळ्याचा एवढासा अंश राहिला होता, तो काढला, नाहीतर हळद हिरवट मारली असती. पत्रिकेची जमीन, म्हणजे मागचा रंग, कडेच्या बाहेर जराशी वाढवून घेतली, म्हणजे कापताना पातं इकडंतिकडं झालं तरी पांढरी कड डोकावायची नाही. आणि काकासाहेब नावाच्या मामांचं नाव अगदी काठावर बसलं होतं, ते आत ओढलं. मामा कापला गेला असता तर लग्नच कापलं गेलं असतं.

मग तिनं नमुन्याची एक प्रत काढली. मोठ्या कागदावर मधोमध पत्रिका. तिच्या चारी कोपऱ्यांना कुठं कापायचं ते सांगणाऱ्या बारीक रेघा. बाजूंना रंगावर रंग बरोबर बसला का ते पाहायच्या गोल फुल्या, आणि खाली ओळीनं शाईचे चार चौकोन. निळा, गुलाबी, पिवळा, काळा.

"आत्याबाईंना दाखवा," ती धर्मराजभाऊंना म्हणाली. "आणि सांगा, ह्या कडेच्या खुणा कापायसाठी हायेत, त्या पत्रिकेत राहणार नाहीत. पसंत असली तर खाली सही करून आणा."

"बराबर सांगतो," धर्मराजभाऊ म्हणाले आणि प्रत सुरळी करून भोकरदनच्या गाडीत बसले.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला.

"आत्या लई खूश! देवीपुढं ठेवली, चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं. म्हन्ली, आता एक रेघ इकडची तिकडं करायची न्हाई."

"आणि सही?"

"अगं, हळदकुंकवाहून मोठी सही असती का?"

प्रियदर्शनीला ते पटलं. देवीनं पास केलेली फाईल तिनं हसत हसत छपाईची प्लेट करायला पाठवली. मशीन फिरलं, कटिंगवरच्या हरिओमदादांनी गठ्ठे कापून कडा आरशासारख्या केल्या, आणि पत्रिका धावड्याला गेल्या. शेठजींनी एक पत्रिका उजेडात धरून पाहिली आणि मान डोलावली. त्यांची मान सहसा डोलत नसे.

चौथ्या दिवशी मात्र, दुपारच्या उन्हात, तुळजाबाई स्वतः दारात उभी राहिली. हिरवं नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, काखेत खणाच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी. मागं धर्मराजभाऊ, दोन्ही हातांत पत्रिकांच्या पिशव्या, आणि चेहरा शाळेतून नाव कापून आलेल्या पोरासारखा.

"प्रियदर्शनी तूच का गं?"

"हो आत्याबाई. या, बसा. पाणी घेता?"

"पानी मागून. आधी सांग, माझी पत्रिका कुठं हाय?"

"तुमच्याकडंच आल्या की साऱ्या."

"त्या न्हवं. ही." तिनं खण सोडला. आतून नमुन्याची प्रत निघाली, कोपऱ्यांवर हळदीकुंकवाची बोटं सुकलेली. ती बोटं बरोबर कापायच्या खुणांवर टेकवलेली होती. "देवीची माफी मागून उचलून आनली. ही बघ अन् ती बघ. ह्या खुणा कुठं गेल्या? हे चार चौकोन कुठं गेले? देवीला एक आवतन अन् मान्सांला दुसरं? बिलकुल चालायचं न्हाई."

आतल्या दारात शेठजींचा चष्मा चमकला. प्रियदर्शनी धर्मराजभाऊंकडं वळली.

"भाऊ, तुम्ही सांगितलं नव्हतं का?"

"सांगून राह्यलोच होतो," धर्मराजभाऊ पिशव्यांकडं पाहत म्हणाले, "पन आत्यानं तोंडच उघडू दिलं न्हाई."

"कसं उघडू देऊ? मला तेव्हा ओवी सुचाल्ती!" तुळजाबाई खुर्चीवर टेकली. तिचा आवाज अर्ध्यातच मऊ झाला. "पोरी, आमच्याकडं पत्रिकंला चारी कोपऱ्यांवर हळद लावत्यात. आजवर कुनी त्याची जागा आखून दिली न्हवती. मी गावभर सांगत हिंडले, जालन्याची पोर बघा किती शहाणी, हळद कुठं लावायची ते छापूनच दिलं. अन् त्या चौकोनांवर तर मी गाणं बांधलं. हळदीच्या दिशी म्हनायचं हाय. बायांला पाठ झालंय. आता पत्रिकेत चौकोनच न्हाईत, तर बाया हसतीन ना मला!"

"कोणतं गाणं?" प्रियदर्शनीनं विचारलं. विचारायचं काही कारण नव्हतं, पण तिला राहवलं नाही.

तुळजाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. कागदावरच्या चौकोनांवर एकेक बोट ठेवत ती हलक्या आवाजात म्हणाली:

"पहिला रंग निळा, मांडवावरलं आभाळ
त्याच्या सावलीत बाई, माझ्या शीतलचं कपाळ

दुसरा रंग गुलाबी, गुलाल उधळीला
फेट्याखाली नवरदेव, लाजून लाल झाला

तिसरा रंग पिवळा, हळद गं जात्यावर
लेकीच्या हातांनी, उजळलं सारं घर

चौथा रंग काळा, पोत काळ्या मण्यांची
नजर नको लागू, माझ्या गं शीतलची"

आत छापखान्याचं मशीन धडधडत होतं, जात्यानं ठेका धरावा तसं. प्रियदर्शनीनं आजवर त्या चौकोनांकडं शाई बरोबर आहे का एवढंच पाहायला बघितलं होतं. त्यांच्यात मांडव होता, गुलाल होता, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

पण पत्रिका तर कापून झाल्या होत्या, आणि लग्न जवळ आलं होतं. पुन्हा छापायला ना वेळ होता, ना शेठजींचा चष्मा परवानगी देत होता. ती उठली.

"आत्याबाई, तुमचं गाणं खोटं नाही. माझ्याबरोबर आत या. खुणा कुठं गेल्या ते दाखवते."

मशीनपाशी शाईचा आणि रॉकेलचा वास होता. तिनं आधी तुळजाबाईच्या हातात भिंग दिलं आणि छापलेला गणपती पुढं केला.

तुळजाबाईनं एक डोळा मिटला. "अगं बया! हे तर नुसते ठिपके! रांगोळीचे!"

"चार रंगांचे ठिपके. मशीन एका वेळी एकच रंग घालतं. आधी एक, त्याच्यावर दुसरा, मग तिसरा, मग चौथा. आता ते बरोबर एकमेकांवर बसले की नाही, कसं कळायचं?"

तेवढ्यात हरिओमदादांनी न सांगता रद्दीच्या ढिगातून एक कागद ओढून दिला. मशीन लावताना पहिले काही कागद वाया जातात, त्यातलाच तो होता, ह्याच पत्रिकेचा. त्यात गुलाबी रंग कडेला सरकलेला होता. तुळजाबाईनं कागद पाहिला आणि तोंडावर हात नेला.

"आरं देवा! गणपतीला दोन सोंडा!"

"आणि मामाला दोन नावं," हरिओमदादा म्हणाले.

"काकासाहेबाला एकच नाव जड जातंय," तुळजाबाई म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला. शेवटी पाणी प्याली, तेव्हा कुठं थांबली.

"आता ह्या फुल्या बघा," प्रियदर्शनीनं कागदाच्या कडेवर बोट ठेवलं. "इथं गुलाबी फुली बाकी तिन्हींपासून अलग पडलीय. हरिओमदादांनी त्या एकीवर एक आणल्या, तेव्हा गणपतीची सोंड एक झाली. खुणांमुळंच पत्रिका झाली. झाली, मग खुणांचं काम सरलं. म्हणून त्या कडेवर असतात, आणि शेवटी कड कापतात."

तुळजाबाई त्या फुल्यांवर वाकली. तिच्या कपाळावरचं कुंकू एकदा वर गेलं, एकदा खाली आलं.

"म्हंजे अंतरपाटावानी," ती म्हणाली.

"काय?"

"अगं, अंतरपाट! नवरानवरीच्या मधी धरत्यात तो. तो धरल्याबिगर लगीन लागत न्हाई. अन् लगीन लागलं की काढून घेत्यात. म्होरं फोटोत कुठं दिसतो तो? पन त्याच्याबिगर झालंय का कुनाचं?"

प्रियदर्शनीला वाटलं, फोटोशॉपच्या क्लासमध्ये महिनाभर जे समजलं नव्हतं, ते आत्ता समजलं. पण धर्मराजभाऊंचं समाधान झालं नव्हतं. इतका वेळ गप्प बसल्याचं त्यांना जणू वसूल करायचं होतं.

"ते बराबर हाय आत्या, पन देवीला न कापलेली गेली अन् लोकांला कापलेली. त्याचं काय?"

"तुझं डोकं न कापलेलं ऱ्हायलं तेच लई झालं!" तुळजाबाई गरजली. "देवीला काय लपवायचंय? तिला अख्खी. खुणांसकट, रंगांसकट. लगीन कसं जमलं, कुनी किती ओढाताण केली, ते समदं तिला ठावंच हाय. पाव्हण्यांला कशाला दाखवायचं? त्यांला कड कापून, गुळगुळीत."

मग तिचा आवाज पुन्हा खाली आला. "फकस्त माझं गाणं... बायांला म्या सांगितलंय, चौकोन बघाल म्हनून."

प्रियदर्शनीनं इकडंतिकडं पाहिलं. कटिंग मशीनच्या पायाशी एक गोणी उभी होती, कात्रणाची, रद्दीवाल्याची वाट बघत. तिनं गोणीत हात घातला आणि लांब पट्ट्यांचा एक पुंजका वर काढला. साऱ्या पट्ट्यांवर तेच चौकोन, ओळीनं, निळा, गुलाबी, पिवळा, काळा. मधून मधून फुल्या. पंख्याच्या वाऱ्यानं पट्ट्या तिच्या मुठीत फडफडल्या.

तुळजाबाईचे डोळे त्या फडफडीवर थांबले.

"धर्मराज," ती म्हणाली, "गोनी उचल."

"आत्या, ही रद्दी हाय."

"रद्दी तुझ्या घरी. हे तोरण हाय. सुतळीला बांधू, मांडवाला चारी बाजूंनी लावू. उचल म्हन्ते ना!"

धर्मराजभाऊंनी गोणी खांद्यावर टाकली. दारात शेठजी उभे होते. आता 'शिकायत' हा शब्द ऐकू येणार, अशी प्रियदर्शनीची खात्री होती.

"आत्याबाई," शेठजींनी हात जोडले, "कुछ शिकायत?"

"हाय की." तुळजाबाईनं खण पुन्हा गुंडाळून काखोटीला मारला. "ह्या पोरीनं मला आधी फोन करायला पायजे होता. ह्या धर्मराजाच्या तोंडून निरोप पाठवला, ही तिची चूक. बाकी पत्रिका झ्याक! आमच्या गावात अजून लई लग्नं हायेत. समद्यांला हिच्याकडंच धाडते. पन शेठ, हरेक गठ्ठ्यात देवासाठी एक न कापलेली टाकायची. जल्दी सांगा, टाकताल का न्हाई?"

शेठजींच्या डोळ्यांत येणाऱ्या लग्नांचा हिशोब हलला. ते प्रियदर्शनीकडं वळले.

"बेटा, पाटीवर लिहून टाक. 'देवाची प्रत अख्खी मिळेल.' और सुन, जुन्या माणसाला मी सांगतो, ह्या सीझनला त्यानं आराम करावा."

प्रियदर्शनी शीतलच्या हळदीला धावड्याला गेली. मांडवाच्या चारी बाजूंनी कात्रणाच्या पट्ट्या वाऱ्यावर नाचत होत्या, आणि आल्या-गेल्या बाया मान वर करून एकमेकींना चौकोन दाखवत होत्या. पोरींनी तर कोणता रंग कुणाचा यावरून भांडणही काढलं होतं. काकासाहेब मामा आपलं नाव कापलं नाही ना ते बघायला पत्रिका हातात घेऊनच फिरत होते. देवघरात हसरा गणपती आपल्या साऱ्या खुणांसकट देवीपुढं टेकून बसला होता.

जातं घरघरू लागलं. चार रंगांच्या चार ओव्या झाल्या. बायांना वाटलं, गाणं संपलं. पण तुळजाबाईनं जात्याचा खुंटा सोडला नाही, मांडवाच्या खांबापाशी अंग चोरून उभ्या असलेल्या प्रियदर्शनीकडं पाहिलं, आणि पाचवी ओवी सोडली:

"रंगावर रंग बसवी, जालन्याची गं लेक
कापलं त्याचं तोरण झालं, देवाला अख्खी एक"

बायांनी ती लगेच उचलली. प्रियदर्शनीचा चेहरा दुसऱ्या चौकोनासारखा झाला. कुणीतरी तिच्या गालाला हळद फासली. आणि तुळजाबाई जात्यावरून ओरडली, "अगं, तिच्या कोपऱ्यांला लावा! चारी कोपऱ्यांला!"