करवंटीतलं तेल

मित्रांनो, गोठ्यामागं पेंढ्याच्या उडवीला टेकून जे गंजकं धूड उभं आहे ना, ती मी. मी एक जुनी फटफटी आहे. माझ्या सीटवर कोंबडी अंडी घालते. तुम्ही मला भंगार म्हणता, ते मला ऐकू येतं. म्हणा बापडे! पण माझ्या पोटात अजून थोडं तेल आहे. त्याचीच ही गोष्ट, आणि ती काही आनंदाची नाही.

माझा जन्म विलायतेतला. तिथलं आता फारसं आठवत नाही, नुसता घणांचा आवाज आठवतो. मग लष्करात राबले, लिलावात निघाले आणि शेवटी दामूच्या हाती आले. दामू खालापूरच्या गुरांच्या दवाखान्यात कामाला होता. मोठा डॉक्टर नव्हता, पण गुरांना सुई टोचायचा, अडलेली गाय सोडवायचा. भातखाचरांच्या कडेकडेनं आम्ही पार कडावपर्यंत हिंडायचो. माझा आवाज आला की बाया म्हणायच्या, "आला गं दामू डाक्तर!" तेव्हा मी सुद्धा जरा ऐटीतच थांबायचे.

दामूचं घर गावाबाहेरच्या वस्तीत होतं. छप्पन सालानंतर त्यांच्या घरात बुद्धाची तसबीर आली, दामू शिकला, नोकरीला लागला. तरी गावातली माणसं त्याच्या अंगणाला वळसा घालूनच जायची. गुरं-ढोरं आजारी पडली की कुंपणाबाहेरून हाक यायची. त्यानं आत या म्हटलं तर सगळ्यांना नेमकी घाई असायची.

आता माझ्या दुखण्याचं सांगते. माझ्या डाव्या कुशीला एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात इंजिनाची साखळी तेलात बुडून फिरते. पेटीला झाकण, झाकणाच्या कडेनं रबराची वादी आणि मधोमध एक मोठा नट. ती वादी जुनी होऊन चिरली आणि माझं तेल ठिबकू लागलं. भीमाबाईनं, म्हणजे दामूच्या बायकोनं, अंगण सारवावं आणि मी त्यावर काळा डाग पाडावा!

"आवो, पोराला लंगोट तरी बांधता येतो. हिला काय बांधू?" ती करवादायची. शेवटी तिनं माझ्याखाली नारळाची करवंटी ठेवली.

ती करवंटी नागूनं पाहिली. नागू गावातला शेतकरी, त्याच्या बैलगाडीचा कणा सदा कुरकुरायचा. एक दिवस तो कुंपणापाशी थबकला. "भीमा, ते काळं त्याल फेकून देतीस का गं? आमच्या गाडीला वंगण व्हईल."

"न्या की. आत या," भीमाबाई म्हणाली.

आणि नागू आत आला. मग दुसरा आला, तिसरा आला. गावातल्या गाड्यांची कुरकुर थांबली. तेलासाठी आलेली माणसं हळूहळू ओट्यावर टेकू लागली, एकदा नागूनं चहासुद्धा घेतला. त्या दिवशी दामूचा चेहरा बघायला हवा होता. मित्रांनो, मी ठिबकत होते आणि तो खुलत होता.

कर्जतच्या पोपट मिस्त्रीनं मला एकदा तपासलं. "रबर पार गेलंय रं. ह्ये नवीन घे, आजच बशिव. साखळी सुकी फिरली तं तुटंल." दामूनं नवी वादी घरी आणली आणि खुंटीला टांगली. भीमाबाईनं आठवण केली की म्हणायचा, "बशिवतो गं, आयतवारी." पण आयतवारीच तर अंगणात जास्त माणसं यायची. वादी खुंटीवरच राहिली. दामू वरून तेल घालायचा, पण घातलेलं थोडं आणि गळलेलं फार. माझी साखळी आतल्या आत झिजत होती. माझी सेवा म्हणजे करवंटी रिकामी करणं, असंच सगळ्यांना वाटायचं.

पेरण्या जवळ आल्या होत्या. नागूला वऱ्हाड न्यायला गाडी जुंपायची होती आणि करवंटीत तळाशी जेमतेम तेल होतं. घरात कुणी नव्हतं. त्यानं पाना आणला आणि माझा नट ढिला केला. "जरा लवकर गळ गं बाय," असं वर लाडानं म्हणाला! करवंटी भरली. नट त्यानं हातानंच फिरवून ठेवला आणि घाईत निघून गेला. उरलंसुरलं तेल मातीत गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच नागू धावत आला. "दामू, आमच्या बाळ्या बैलाचा गळा सुजलाय रं! श्वास घेववंना!"

दामूनं जाऊन बैल पाहिला. घटसर्प. औषध खालापूरच्या दवाखान्यात होतं. माझ्याकडं बघायलाही त्याला फुरसत नव्हती. जाताना मी कशीबशी पळाले. परतताना चढावर पेटी तापली, आत कडाड् झालं, साखळी तुटली आणि मी जागेवर थिजले. दामूनं मला झाडाला टेकवलं, औषधाची पेटी छातीशी धरली आणि उन्हात धावत सुटला. एवढा मोठा रस्ता माणूस किती धावणार? तो नागूच्या गोठ्यात पोचला तेव्हा बाळ्यानं जीव सोडला होता.

त्यानंतर दामूनं मला ढकलत घरी आणलं आणि खुंटीवरची वादी काढली. नवी साखळी बसवली, झाकणाची कड घासून पुसली, वादी न ताणता बोटानं दाबत दाबत खाचेत बसवली. झाकण धरायला कुणीतरी हवं होतं. कुंपणापाशी नागू उभा होता. तो न बोलावता आत आला आणि त्यानं झाकण धरलं.

"दामू, त्या दिशी ह्यो नट मीच ढिला केलता रं," तो म्हणाला.

दामूनं नट आवळला. मग म्हणाला, "रबर कवाचं खुंटीला व्हतं, नागूदादा. मीच बशिवलं नाय."

"का रं?"

"तुमी लोक आंगणात येत व्हता ना."

नागूनं मान खाली घातली.

काम चोख झालं. माझ्याखाली पुन्हा एक थेंब पडला नाही. भीमाबाईचं अंगण लख्ख राहू लागलं. करवंटी रिकामी आहे हे कळल्यावर माणसं पुन्हा अंगणाला वळसा घालू लागली. नागू मधून मधून कुंपणापाशी थांबायचा, पण आत यायला त्याच्याकडं निमित्त नव्हतं आणि बहुतेक तोंडही नव्हतं. दामू ओट्यावर बसून रस्त्याकडं बघायचा. दामू गेला तसं मला इथं आणून टेकवलं.

मित्रांनो, कुणाचं काही गळताना दिसलं तर आधी खाली करवंटी धरू नका, आधी त्याला कुठं चीर गेली आहे ते बघा. आणि कुणाच्या अंगणात जायचंच असेल, तर तेल न्यायला जाऊ नका, नुसते जा. ती वादी अजून घट्ट आहे. माझं तेल आतच आहे. कुणी येत नाही.