शेवटच्या लढाईआधी थांबलेली मी

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ गेमची कॅसेट आहे आणि स्वभावाने भित्री आहे. त्याला कारणही तसंच आहे. कारखान्यात माझ्या पोटात नाण्याएवढी एक बॅटरी बसवली. गेमचं मशीन चालू असेपर्यंत मला कसली चिंता नसते. ते बंद झालं, की तुम्ही कुठवर खेळलात हे मी केवळ त्या बॅटरीच्या जोरावर लक्षात ठेवते. ती संपली, की मी सगळं विसरणार.

मला ताईने विकत आणलं. ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. दिवसभर बारीक काम, तरी घरी आली की पुन्हा पडद्याला डोळे लावायची. डावपेचांचे आणि भूमिका घेऊन खेळायचे, एवढेच गेम तिला आवडत. प्रत्येक कॅसेटच्या डब्यात ती आपलं खरं मत चिठ्ठीवर लिहून ठेवी, कुणाची भीडभाड न ठेवता. राज्य उभारण्याच्या एका गेमबद्दल लिहिलं होतं, 'पहिला तास राजा, नंतर कारकून.' दुसऱ्याबद्दल, 'जग बुडायला आलंय आणि हा म्हातारा मला हरवलेली कोंबडी शोधायला पाठवतो!' माझ्या डब्यात होतं, 'छळवादी, पण सगळ्यात प्रामाणिक. इथे मेलेला सैनिक परत येत नाही.' ते वाचून माझी छाती फुगली होती.

खरं सांगू? प्रामाणिक मी होते, ताई नव्हती. माझ्यात नोंद होते ती लढाई संपल्यावरच. म्हणून एखादा सैनिक पडला, की ती ताडकन उठून मशीनच बंद करायची आणि ती लढाई पुन्हा सुरुवातीपासून खेळायची. त्यामुळे तिच्या चौदा सैनिकांपैकी एकही मेला नाही. बटण खटकन बंद झालं, की मी मात्र आधी बॅटरी शाबूत आहे ना, ते बघायची.

अशी ती शेवटच्या लढाईपाशी पोचली आणि तिचा धीरच सुटला. इथे कुणीतरी जाणारच, हे तिला कळून चुकलं होतं. "पुढच्या सुट्टीत खेळेन," असं म्हणत तिने मला डब्यात ठेवलं. मी तिथे अकरा वर्षं होते. अंधारात चौदा जणांची नावं रोज घोकायची. एखादं चटकन आठवलं नाही, की पुन्हा पहिल्यापासून म्हणायची.

आज दुपारी आवराआवरीत ताईच्या हाताला मी लागले. तिचा धाकटा भाऊ आला होता. तो रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो. त्याने मला उघडलं, बॅटरीला मीटरच्या वायरी लावल्या आणि तोंड वाकडं केलं.

"ताई, ही शेवटच्या घटका मोजतेय. आज चालेल, उद्याचं काही सांगता येत नाही."

"मग बदलून टाक ना."

"बदलतो, पण ही काढली की आतलं सगळं पुसलं जाईल. काय खेळायचंय ते आधी खेळून घे."

ताईने मला मशीनमध्ये बसवलं. चौदाही नावं पडद्यावर आली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. लढाई सुरू झाली आणि तिसऱ्याच डावात चौदा जणांतला नावाडी पडला. तो पहिल्या लढाईपासून तिच्याबरोबर होता. सवयीने तिचा हात बटणाकडे गेला. मी भीतीने गारठून गेले.

"ताई, थांब! आता बंद केलंस तर परत काही उरेलच असं नाही," भाऊ ओरडला.

"अरे, पण नावाडी गेला रे!" तिचं बोट अजून बटणावरच होतं.

"गेला. बाकीचे तेरा आहेत ना अजून?"

तिने हात मागे घेतला, डोळे पुसले आणि ती खेळत राहिली. संध्याकाळ व्हायच्या आत ती जिंकली. मग एकेक सैनिक आपल्या घरी कसा परतला, ते दिसू लागलं. नावाड्याची पाळी आली, तेव्हा गावाने त्याची होडी नव्याने रंगवून काठावर ठेवलेली दिसली. हे चित्र माझ्यात पहिल्यापासून होतं, पण नावाडी मेल्याशिवाय ते कुणाला दिसत नसे. ताई कितीतरी वेळ बघत बसली.

"एवढं सुंदर केलंय गेम बनवणाऱ्यांनी, आणि मी अकरा वर्षं..."

शेवटी तिने स्वतःच मशीन बंद केलं आणि मला भावाच्या हातात दिलं. "काढ बॅटरी. नवी बसव. मी पहिल्यापासून खेळेन, आणि या खेपेला कुणी पडलं तरी बटणाला हात लावणार नाही."

मित्रांनो, भाऊ आता हातात चिमटा घेऊन बसला आहे. क्षणभरात ताई, तिचे सैनिक, ती होडी, सगळं माझ्या आठवणीतून जाईल. मला फार भीती वाटते, म्हणून तुम्हाला सांगून ठेवते. आवडती वस्तू जपायची म्हणून डब्यात कोंडून ठेवू नका. ती वापरा, तिच्याशी खेळा, हरायचं तर हरा. आणि नव्या बॅटरीनंतर ताई माझ्याकडे बघून हसली, तर मी तिला ओळखणार नाही. तेव्हा तिला एवढंच सांगा, की मी घाबरले होते, पण चौदापैकी एकही नाव शेवटपर्यंत विसरले नव्हते.