तोंडात टाचण्या

थोरलीचे कान गेले ते एका सकाळी, आणि ते गेल्याचं घरात तिलाच सगळ्यांत उशिरा कळलं. तापातून उठून ती दुकानात आली, शिलाईच्या मशीनवर बसली, पाय मारला, तर मशीन मुकाट चालायला लागलं. धाकटीने तेल घातलेलं दिसतंय, एवढ्या वर्षांत एक काम तरी धड केलं बाईने, असं तिच्या मनात आलं. धाकटी समोर बसून तोंड हलवत होती. आवाज मात्र येत नव्हता.

या दोघी जावा. घराच्या पुढच्या खोलीत दोघींचं शिवणाचं दुकान. थोरली मापं घेणार आणि कापणार, धाकटी शिवणार. "जावाजावांत भांडण नाही असं घर दाखवा," थोरली गिऱ्हाइकांना ऐकवायची, "नाहीतर आमचं बघून जा." आणि ते खरंच होतं. ती धाकटीला तोंडावर कधी वाकडा शब्द बोलली नव्हती. आता पोटात एक नि ओठात एक असणं काही फक्त तिचीच मिरास नाही, पण तिच्या पोटात जरा जास्तच साठलेलं होतं, हे खरं.

ते बाहेर यायचं कापताना. कापणाऱ्याला मापं पुटपुटायची सवय असते. छाती अडतीस, खांदा सतरा. थोरलीच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असायच्या आणि मापांच्या मागोमाग बाकीचंही निघायचं, तिचं तिलाच जेमतेम ऐकू येईल इतपत. टाचण्या पडत नाहीत म्हणजे तोंड मिटलेलं आहे, असा तिचा हिशोब होता. कान होते तोवर तो चुकला नाही.

डॉक्टर म्हणाले, नस गेली, फार उशिरा आणलंत, साध्या यंत्राचा उपयोग नाही. पुढची दोन वर्षं धाकटीच तिचे कान झाली. गिऱ्हाईक काय म्हणतंय ते ती शिवणाच्या खडूने काळ्या चिंधीवर लिहून दाखवायची आणि झटकून टाकायची. ऑपरेशन करून कानाच्या आत बसवतात त्या इम्प्लांटचंही तिनेच काढलं. थोरलीचा नवरा म्हणत होता, "या वयात डोक्याला भोक कशाला पाडायचं?" धाकटीने त्याचं चालू दिलं नाही. तपासण्यांना तीच घेऊन गेली, ऑपरेशनच्या दिवशी दाराबाहेर तीच बसली. सख्खी बहीण एवढं करणार नाही, असं लोक म्हणायचे. थोरलीला ते पटायचं, पण फार नवल वाटायचं नाही. मोठ्या जावेचं करायलाच हवं, नाही का?

जखम भरल्यावर यंत्र सुरू केलं. कानामागे एक तुकडा, त्याच्या वायरीला डोक्यावर चुंबकाने चिकटणारी चकती. पहिल्या दिवशी नवऱ्याने नावाने हाक मारली ती पत्र्याच्या डब्यावर चमचा वाजवल्यासारखी आली. सगळ्यांचे आवाज सारखेच, बाई कोण आणि बाप्या कोण ते कळेना. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, रोज सराव करा. मग धाकटी रोज दुपारी पाठीमागे उभी राहून शब्द म्हणायची. "कात्री." "रात्री." "कात्री, ताई." "खात्री!" दोघी हसायच्या. हळूहळू शब्द लागायला लागले.

एके दिवशी शाळेतल्या एक बाई कोट घालून बघायला आल्या. थोरली गुडघ्यांवर बसून खालच्या कडेला टाचण्या लावत होती. धाकटीचं मशीन चालू होतं. तेवढ्यात थोरलीला पत्र्यातला एक आवाज आला.

"बाहीला झोळ ठेवलाय मेलीने. मूल ना बाळ, कसली घाई असते हिला? वांझ ती वांझच."

थोरलीच्या मस्तकात तिडीक गेली. आपल्या दुकानात उभं राहून आपल्या जावेला असं बोलायची कुणाची टाप आहे? तिने मान वर केली. बाई भिंतीकडे बघत होत्या, ओठ घट्ट मिटून. थोरलीने टाचण्या तोंडातून काढल्या आणि ताडकन म्हणाली, "हे बघा बाई, माझ्या दुकानात असलं बोलायचं नाही!"

आणि तोच आवाज पत्र्यातून म्हणाला, "हे बघा बाई, माझ्या दुकानात असलं बोलायचं नाही!"

तिच्या हातातल्या टाचण्या खाली सांडल्या. बाईंनी कोट उतरवला, उद्या येते म्हणाल्या आणि गेल्या. धाकटीचं मशीन मात्र एकदाही अडखळलं नव्हतं. तिला सवय होती.

थोरली तडक आत गेली. नवरा पेपर वाचत होता.

"अहो, मी दुकानात मोठ्याने बोलते?"

"बोलतेस की."

"हिच्याबद्दल?"

त्याने पेपर खाली घेतला नाही. "आम्हाला वाटलं, तू मुद्दाम बोलतेस. कान गेले, आता जिभेला लगाम कशाला, असं काहीतरी."

"आणि भावजींनी ऐकलं?"

"तो दुकानात पाऊल टाकत नाही आताशा. तुझ्या लक्षात नाही आलं?"

डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराची गोष्ट थोरलीने दुसऱ्यांना शंभरदा ऐकवली असेल. आता तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षं. गिऱ्हाइकांसमोर, दिरासमोर. आणि ते बोलून झाल्यावर ती चिंधी पुढे करून म्हणायची, लिही गं, काय म्हणतायत त्या. आणि धाकटी लिहायची.

गप्प राहावं, असंही तिच्या मनात आलं. आपल्याला ऐकू आलं हे धाकटीला कुठे ठाऊक आहे? उद्यापासून कानाला खडा. टाचण्या उशीत टोचायच्या, तोंडात नाही. मनातल्या मनात तिने ते ठरवलंसुद्धा, आणि मग मनातल्या मनात म्हणजे नक्की कुठे, या विचाराने तिला घाम फुटला. ती बाहेर आली.

"अगं, मी टाचण्या तोंडात धरून जे बोलते..."

धाकटीने मशीनचं चाक हाताने थांबवलं. "ऐकू आलं तर."

"आज आलं."

"आज? मी रोज वाट बघतेय."

"सांगितलं का नाहीस गं? लिहायचं होतंस."

"लिहिलं होतं एकदा. झटकून टाकलं. एवढ्याशा चिंधीवर काय मावणार? आणि बहिऱ्या माणसाशी भांडायचं कसं, ताई? मी घसा फोडून ओरडणार आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत बसणार." ती उठली. "लोक म्हणाले, केवढी माया. माया नव्हती. तुम्हाला ऐकू यायला हवं होतं, म्हणून नेलं मी तुम्हाला."

"माझं चुकलं," थोरली म्हणाली. "पाया पडते तुझ्या."

"तुमचं नंतर. आधी माझं ऐका."

थोरली वळून तिच्या ओठांकडे बघायला लागली. दोन वर्षांची खोडच ती. धाकटीने तिला खांद्याला धरून स्टुलावर बसवलं, तिचं तोंड भिंतीकडे केलं आणि स्वतः मागे उभी राहिली.

"पहिलं पोटातच गेलं, तेव्हा रात्रभर तुम्ही माझ्या उशाशी बसला होतात," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "नवऱ्याला नाही सांगितलं ते मी तुम्हाला सांगितलं होतं. तेव्हा तर तुम्हाला नीट ऐकू येत होतं ना, ताई?"

थोरलीला शब्द न शब्द ऐकू आला.