मिस लोरेटाची थंड खोली

मेम्फिसला जायचं हे मालिनीताईंमुळेच ठरलं. नागपूरच्या एका कॉलेजात होम सायन्स शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. मुलाकडे, जॉर्जियातल्या अल्फारेटाला आल्यापासून मॉल आणि मंदिरं बघून त्यांना कंटाळा आला होता.

"इथली माणसं काय खातात ते मला दाखव," त्यांनी प्रथमेशला सुनावलं. "पिझ्झा नको. सावजी रस्सा जसा आपल्या नागपूरचा, तसं इथल्या एखाद्या गावाचं स्वतःचं काय ते."

म्हणून प्रथमेशने मिसिसिपीच्या काठावरचं हे शहर निवडलं. तिथे लाकडाच्या धुरावर मांस तासन्‌तास शिजवतात. त्याची बायको चैत्राली चिकनपलीकडे जात नसे, पण सासूबाईंचा उत्साह बघून तीही निघाली.

सकाळी हॉटेलमधून बाहेर पडतानाच तिच्या फोनवर सूचना आली होती. टोर्नेडो वॉच.

"वॉच म्हणजे नुसतं लक्ष ठेवा," प्रथमेश म्हणाला. "वॉर्निंग आली तर बघू. वसंतात इथे हे चालूच असतं यार."

 चैत्रालीला मात्र हवा आवडली नव्हती. एप्रिल असूनही अंगाला चिकटणारा उकाडा होता आणि झाडाचं पानही हलत नव्हतं.

धुरावरच्या मांसाचं ते दुकान शहराच्या दक्षिणेला, साध्या वस्तीत होतं. बसकी विटांची इमारत, मागे भट्टी, भट्टीशेजारी लाकडांची चळत. मालकीण मिस लोरेटा सत्तरीच्या, काळ्या वर्णाच्या, आवाजाने खणखणीत बाई होत्या. मालिनीताई इतके प्रश्न विचारू लागल्या की लोरेटांनी त्यांना सरळ मागे भट्टीपाशी नेलं. मसाला आदल्या दिवशी चोळून ठेवायचा, जाळ कधी मोठा करायचा नाही, सॉस खाणाऱ्याने मागितला तरच. मालिनीताई मान डोलवत होत्या. बाहेर आल्या त्या डोळे पुसत, धुराने लाल झालेल्या आणि खुशीत.

"चैत्राली, ही बाई स्पॅगेटीवर मांसाचा रस्सा ओतते म्हणे! म्हणजे आपल्या शेवयाच की गं."

मागवलेल्या बरगड्या तयार व्हायला थोडा वेळ होता. मालिनीताईंना तळलेला कॅटफिशही चाखायचा होता. तो नदीच्या बाजूला, दोन-तीन चौक पलीकडे चांगला मिळतो, असं लोरेटांनी सांगितलं.

"मग आण ना," मालिनीताई मुलाला म्हणाल्या. "आपलं इथलं येईपर्यंत तू येशील."

प्रथमेशने गाडीची किल्ली उचलली.

"आकाश बघितलंस?" चैत्रालीने विचारलं. खिडकीबाहेरचा उजेड हिरवट झाला होता, साचलेल्या पाण्यासारखा.

"आलोच गं," म्हणत तो निघालासुद्धा.

काही वेळाने दुकानातले सगळे फोन एकदम किंचाळले. पाठोपाठ बाहेर भोंगा सुरू झाला. तो खालून वर चढत जायचा, उतरायचा आणि पुन्हा चढायचा. शेजारच्या टेबलावरचा माणूस हातातला काटा तसाच धरून उठला.

"सगळे आत!" लोरेटा ओरडल्या. "कूलरमध्ये चला! पोरी, पर्स राहू दे, चल!"

कूलर म्हणजे स्वयंपाकघराच्या मागची खोलीएवढी थंड पेटी. तिथे मांस ठेवत. चैत्राली प्रथमेशला फोन लावत होती. नुसती रिंग जात होती. तिने पुन्हा लावला. या वेळी रिंगही गेली नाही. ती दाराकडे धावली.

मागून तिचं मनगट कुणीतरी घट्ट पकडलं.

"सोडा मला, आई! तो बाहेर आहे!"

"कोण बाहेर आहे ते मला कळतं," मालिनीताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "तू चल."

"तुम्हीच पाठवलंत त्याला!"

 मालिनीताईंनी सुनेला अक्षरशः ओढत मागे नेलं. त्यांच्या हातात इतका जोर असेल असं चैत्रालीला कधी वाटलं नव्हतं.

आत सगळे दाटीवाटीने खाली बसले. ड्वेन नावाच्या उंच आचाऱ्याने दार ओढून घेतलं, आतल्या मुठीला आपला एप्रन बांधला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला. दिवा गेला. गार काळोख पसरला. कच्च्या मांसाचा आणि चिरलेल्या कोबीचा वास येत होता. चैत्रालीच्या खांद्याला काहीतरी थंड, ओलसर लागत होतं. ते काय आहे याचा तिने विचार केला नाही. कुणीतरी पुटपुटत प्रार्थना करत होतं.

मग कान दुखले. विमान उतरताना दडे बसतात तसं झालं, पण कितीतरी जोराने. जमीन थरथरू लागली. आधी वाटलं मोठा ट्रक जातोय. पण तो जाईना. आवाज वाढतच गेला, इतका की शेजारी रडणाऱ्या बाईचं तोंड नुसतं उघडं असणार, आवाज असा तिचा उरलाच नाही. दार बाहेरून खेचलं जात होतं. ड्वेन ओरडला, आणि दोघे त्याच्या कमरेला लटकले. छतावर काहीतरी अवजड आदळलं. चैत्रालीच्या मनात एकच होतं, तो गाडीत आहे, गाडी पत्र्याची असते. तेवढंच पुन्हा पुन्हा. मालिनीताईंनी तिचं डोकं छातीशी दाबून धरलं होतं, आणि त्यांचं काळीज कसं धडधडतंय ते तिला कळत होतं.

आवाज गेला तेव्हाही कुणी हललं नाही.

दार अडकलं होतं. तिघाचौघांनी लाथा मारून ते उघडलं. समोर लख्ख उजेड होता, कारण छप्परच नव्हतं. मघाशी ते बसले होते ते टेबल, खुर्च्या, खिडकी, रस्त्याकडची भिंत, काही उरलं नव्हतं. भट्टीचं धुराडं आडवं झालं होतं आणि विटांखाली निखारे लाल दिसत होते. कुठूनतरी गॅसचा वास येत होता. ड्वेन निखाऱ्यांवर माती लोटू लागला.

"तारांना हात लावू नका!" लोरेटा मागून ओरडल्या. दोघी तोवर रस्त्यावर आल्या होत्या.

फोन लागत नव्हता. रस्ता ओळखू येत नव्हता. नदीच्या दिशेने जायचं एवढंच माहीत होतं. मालिनीताईंची एक चप्पल कुठेतरी पडली होती. त्या काचांवरून तशाच चालत होत्या. दुसऱ्या चौकात एक प्रचंड ओक वृक्ष मुळासकट आडवा पडला होता, आणि त्याच्या बुंध्याखाली एक राखाडी गाडी.

चैत्रालीने नंबरप्लेट वाचली. पुन्हा वाचली. जॉर्जियाची. त्यांचीच.

मालिनीताई जागच्या जागी थांबल्या. "मी नाही बघणार," त्या म्हणाल्या. "तू बघ. मी नाही बघू शकत."

चैत्राली फांद्यांमधून वाकून पुढे गेली.  छत सीटपर्यंत दबलं होतं. ड्रायव्हरच्या बाजूचं दार सताड उघडं होतं. आत कुणी नव्हतं. सीटच्या पायाशी कागदाची तेलकट पिशवी पडली होती.

"नाहीये! आई, तो आत नाहीये!"

पण त्या शब्दांनी जीव भांड्यात पडला नाही. उघडं दार. तो उतरला होता, की वाऱ्याने ओढला गेला होता? दोघी त्याच्या नावाने ओरडत फिरू लागल्या. डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या एका माणसाने त्यांना थांबवलं. कोपऱ्यावरच्या चर्चच्या तळघरात काही लोक शिरले होते, असं तो म्हणाला. त्याने पाहिलं होतं. त्यात कोण होतं ते मात्र त्याला सांगता येईना.

चर्चची एक बाजू ढासळली होती. तळघराच्या पायऱ्यांवर विटांचा ढीग पडला होता. माणसं हातांनीच विटा काढत होती. चैत्रालीने फटीशी तोंड नेऊन हाक मारली. आतून इंग्रजीत दोन-तीन आवाज आले. त्याचा नव्हता. तिने पुन्हा हाक मारली. तोच गोंधळ. ती मटकन खाली बसली.

मग मालिनीताई पुढे झाल्या. मागच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आपल्या वर्गातल्या आवाजात त्या ओरडल्या, "प्रथमेश! ओ दे!"

 मग खोलवरून, धुळीने घोगरा झालेला आवाज आला, "आहे गं, आई! इथेच आहे!"

बाकीच्या विटा काढायला दोघीही लागल्या. वाट झाली तशी माणसं एकेक करून वर आली. प्रथमेश एका म्हाताऱ्या बाईंना धरून शेवटी आला. कपाळ फुटलं होतं, डावा हात लोंबत होता. सिग्नलला उभा असताना याच बाईंनी चर्चच्या दारातून हातवारे करून त्याला बोलावलं होतं, आणि तो गाडी तशीच सोडून पळाला होता. चैत्रालीने त्याचा शर्ट मुठीत धरला. 

"तुझा हात," एवढंच ती म्हणाली.

ॲम्ब्युलन्सला वेळ लागणार होता. ती दुकानापाशी येणार असं कळलं, म्हणून ते परत तिकडे गेले. वीज नव्हती, मांस टिकणार नव्हतं. गॅसचा नळ बंद करून लोरेटांनी उरलेल्या भट्टीवर जाळ्या मांडल्या होत्या आणि जो येईल त्याच्या हातात कागदी थाळी देत होत्या. घर गेलेली माणसं पदपथावर बसून खात होती. कुणीतरी मालिनीताईंच्या पायातल्या काचा काढल्या आणि फडकं बांधलं.

"खा," लोरेटा त्यांना म्हणाल्या. "पोटात काही नसलं की भीती जास्त चावते."

मालिनीताईंनी थाळी हातात घेतली, पण ती तशीच मांडीवर ठेवून त्या प्रथमेशच्या लोंबत्या हाताकडे बघत राहिल्या. शेवटी चैत्रालीने तुकडा तोडून त्यांना भरवला. त्यांनी सावकाश चावला, आणि मग एकाएकी थाळीवर वाकून हुंदके द्यायला लागल्या.

"मीच पाठवलं गं त्याला."

"मी तेव्हा घाबरले होते, आई. मला तसं म्हणायचं नव्हतं."

"पण खरं होतं ते."

 एका हाताने चैत्रालीने सासूबाईंचा खांदा धरला. दुसऱ्या हातात अजून प्रथमेशचा शर्ट होता.

तेवढ्यात पश्चिमेला गडगडलं. रस्त्यावरचं सगळं खाणं थांबलं. माना वर झाल्या. लोरेटा चिमटा हातात धरून आकाशाकडे बघत राहिल्या.

"नदीपलीकडे आहे," बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या. "इकडे येईलसं वाटत नाही."

कुणी उठलं नाही. पण ॲम्ब्युलन्स येईपर्यंत कुणी ढगांवरची नजरही काढली नाही.